खाटेखालचं नाव

माझा स्वभाव तापट आहे, हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे मागून कुणाला सांगायला नको. अंथुर्ण्याच्या आसपास फारुक पेंटर म्हटलं की लोक दोन गोष्टी सांगतात, अक्षर चांगलं आणि तोंड वाईट. दोन्ही खरं आहे. फ्लेक्सची मशिनं आली तशी दुकानांच्या पाट्यांची कामं गेली, पण एक काम अजून माझ्याकडंच येतं. दान दिलेल्या वस्तूवर नाव घालायचं. देवळाची घंटा, शाळेतलं कपाट, मशिदीतला पंखा, स्टँडवरचा बाक, आमच्याकडं कुणी काही दिलं की त्यावर नाव पाहिजेच, आणि ते बहुतेक करून गेलेल्या माणसाचं. 'कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ.' मशिदीत 'मर्हूम' लिहायचं, एवढाच फरक. पंचवीस वर्षांत या पट्ट्यातली किती मयत माणसं माझ्या ब्रशखालून गेली असतील, त्याचा हिशेब मलाही नाही.

आमच्या वाडीत दवाखाना होता म्हणजे सरकारी उपकेंद्राच्या दोन खोल्या होत्या. लस टोचायचा वार सोडला तर दाराला कुलूप आणि ओट्यावर कुत्री. मागच्या वर्षी बारामतीकडच्या एका फळांचा रस काढणाऱ्या कंपनीच्या प्रतिक्षा मॅडम आल्या आणि त्यांनी चावडीपुढं सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं. करार तिघांचा होता. सरकार नर्स आणि औषधं देणार. कंपनी इमारत नीट करून, बाळंतपणाला लागणारी मशिनं आणि दारात एक अॅम्ब्युलन्स देणार. आणि गाव आतलं सामान देणार.

"कंपनीला एवढा पैसा हाय, मग सामान आमच्या माथी कशापायी?" असं सोपानतात्यांनी विचारलंच. तात्यांनी विचारलं नसतं तर मला त्यांची तब्येत बरी नाही असं वाटलं असतं.

"कारण फुकट मिळालेल्याला कुणी आपलं म्हणत नाही, तात्या," मॅडम म्हणाल्या. "तुमचा पंखा तिथं असला तर तो चालू आहे का बंद, हे बघायला तुम्ही रोज याल."

मॅडमचं अर्धं खरं झालं. तात्यांनी पंखा दिला आणि ते रोज यायलाही लागले, पण तो बंद ठेवायला. मी तीन पात्यांवर तीन तुकडे लिहिले होते, 'कै. बाबुराव', 'यांच्या', 'स्मरणार्थ'. पंखा फिरला की वडलांचं नाव वाचता येत नाही, म्हणून तात्या आले की बटण बंद करायचे आणि पेशंट घामानं निथळत बसायचे. कुणी बाक घेतला, कुणी पाण्याची टाकी, कुणी स्टूल. संडासावर मात्र आपल्या बापाचं नाव घालायला एक माणूस तयार होईना. शेवटी सरपंच विजयसिंहांनी तो दिला आणि नाव घालू नका म्हणून मला दोनदा बजावलं.

यादीत सगळ्यात मोठी वस्तू होती बाळंतपणाची खाट. सिस्टर तिला टेबल म्हणतात, पण वाडी खाटच म्हणते. ती कोण घेणार असं विचारल्यावर बायकांच्या मागून प्रयागबाई उठली.

"खाट माझी," ती म्हणाली आणि परत खाली बसली.

तिनं खाटच का घेतली, ते सगळ्यांना माहीत होतं.

बावीस वर्षांपूर्वी प्रयागबाईची एकुलती एक लेक सारजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडं सगळ्या जातीधर्मात रीत. दिवस भरले, कळा सुरू झाल्या आणि सुईणीनं हात टेकले. बारामतीला न्यायचं ठरलं, जीप माझ्या थोरल्या भावाची होती. दुपारची वेळ, ऊसतोडीचे दिवस, रस्ता ट्रॉल्यांनी भरलेला. भाऊ जीप हाकत होता आणि मी बाजूच्या पायरीवर उभा राहून, एका हातानं दांडी धरून, पुढच्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला बाजूला हो म्हणून ओरडत होतो. अंथुर्ण्यापासून ओरडत होतो. बारामतीजवळच्या पिंपळीच्या अलीकडं आतून प्रयागबाई म्हणाली, "आता वरडू नगंस." मला आधी कळलंच नाही, ती असं का म्हणाली ते. लोक म्हणतात माझा आवाज कायम चढलेला असतो. तो त्या दिवशी जो चढला तो नीट उतरलाच नाही.

तर खाट आली. पांढरी, गुळगुळीत, डोक्याच्या बाजूला उभा पत्रा. प्रयागबाई मला म्हणाली, "फारुक, हिच्यावर सारजाचं नाव घाल." मी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं त्यात? लाल इनॅमल रंग घेतला आणि डोक्याच्या पत्र्यावर दोन ओळी लिहिल्या. प्रयागबाई सगळा वेळ स्टुलावर बसून बघत होती. झाल्यावर तिनं ओल्या अक्षरावर हळूच बोट ठेवलं. बोटाला रंग लागला.

"अगं मावशी, वाळू तर दे!" मी ओरडलो.

"सुरेख काढलंस," ती म्हणाली. तिला वाचता येत नाही. बोटावरचा रंग तिनं पुसला नाही, तसाच घेऊन घरी गेली.

दवाखाना सुरू झाला. अनिता सिस्टर राहायलाच आल्या, लखन अॅम्ब्युलन्सवर ड्रायव्हर म्हणून लागला, ताप-खोकल्याची रांग लागायला लागली. प्रयागबाई दर गुरुवारी यायची, खाट ओल्या फडक्यानं पुसायची आणि जरा वेळ शेजारी बसून परत जायची. पण त्या खाटेवर पाच महिन्यांत एकही बाई बाळंत झाली नाही.

मग प्रतिक्षा मॅडम आल्या. बाई भली आहे, तिनं उगाच दम दिला नाही. पण कराराचा कागद तिनं सरपंचांपुढं ठेवला आणि एक कलम वाचून दाखवलं. पहिल्या सहा महिन्यांत इथं एकही बाळंतपण झालं नाही, तर बाळंतपणाची मशिनं आणि अॅम्ब्युलन्स यादीतल्या पुढच्या गावाला द्यायची.

"ते गाव वाट बघतंय," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडंही बायका आहेत. मी वर काय सांगू? खोली आहे, नर्स आहे, गाडी आहे आणि कुणाला नको आहे, असं? अजून एक महिना आहे. मी शेवटी येते."

मॅडम गेल्यावर अनिता सिस्टरांनी मला हाक मारली. मी बाहेर 'जिन्यावर थुंकू नये' लिहीत होतो. दवाखान्याला जिना नाही, पण सरकारी नमुन्यात ते वाक्य होतं.

"पेंटर, आत या जरा."

"काय, रंग उडाला का?"

"उडाला असता तर बरं झालं असतं." त्या मला खाटेपाशी घेऊन गेल्या. "पाच महिन्यांत नऊ बायका माझ्याकडं आल्या. गोळ्या घेतात, पोट तपासून घेतात, बाळाचे ठोके ऐकून हसतात, आणि दिवस भरले की बारामतीला पळतात. का, ते कुणी सांगत नव्हतं. काल लखनची बायको निकिता एकदाची बोलली."

"काय बोलली?"

सिस्टरांनी डोक्याच्या पत्र्याकडं बोट केलं. 'कै. सारजा हिच्या स्मरणार्थ, मातोश्री प्रयागबाई यांजकडून.'

"म्हणाली, मेलेल्या बाळंतिणीच्या नावाखाली पाठ टेकायची माझी छाती होत नाही."

माझं डोकं सटकलं. बारावी शिकलेली पोरगी, दिवसभर मोबाइलवर जग बघते, आणि अक्षरांना घाबरते? मी बराच वेळ बोललो. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. सिस्टर हाताची घडी घालून उभ्या होत्या. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुमची मेहजबीन आलीय ना माहेरी? नववा लागला तिला. तिला तरी आणणार ना इथं?"

"आणणार म्हणजे? आणणारच!" मी ठणकावून सांगितलं आणि घरी आलो.

माझ्या बायकोनं, जरिनानं ताट वाढलं. मेहजबीन शेजारी भिंतीला टेकून, पाय लांब करून मटार सोलत होती. तिचं सासर इंदापूरला, जावई तिथं कापडाच्या दुकानात.

"बारामतीच्या गाडीचं भावजींना सांगितलंय न्हवं?" जरिनानं विचारलं.

"सांगितलंय की," मी म्हणालो.

आणि माझा घास हातात राहिला. मी थोरल्या भावाला खरंच सांगितलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी. दवाखाना माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर, आत सगळी अक्षरं माझ्या हातची, आणि माझी लेक बारामतीला न्यायची हे मी कुणाशी न बोलता, स्वतःशीही न बोलता, ठरवून टाकलं होतं.

"अब्बा, हितला दवाखाना असताना तितं कशापायी जायचं?" मेहजबीननं विचारलं.

"ती खाट..." जरिना म्हणाली आणि थांबली.

"खाटंचं काय?"

जरिनानं माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घालून वरणात भाकरी कुस्करत राहिलो. मघाशी लखनच्या बायकोबद्दल एवढं बोललेला माणूस हाच होता. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयागबाईच्या रानात गेलो. ती शेडच्या सावलीत बसून ढोबळी मिरची निवडत होती. मोठी एका क्रेटमध्ये, बारकी दुसऱ्यात. मी समोर बसलो आणि मीही निवडायला लागलो. माझी बारकी मोठ्यात जात होती, ती मुकाट्यानं काढून परत टाकत होती.

"काय काम काढलंस?" शेवटी तिनं विचारलं.

मी सांगितलं. मॅडमचं, कलमाचं, निकिताचं. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर नुसतं नवल होतं.

"सारजाच्या नावाला भ्यायचं काय? अंथुर्ण्यात दोन सारजा हायत. त्यांना कोण भ्यालंय?"

"नावाला नाही मावशी. पुढच्या अक्षराला. 'कै.' लिहिलंय ना."

"म्हंजी?"

मला वाटलं होतं, हे तिला माहीत असणार. पंचवीस वर्षं लिहितोय, कुणालाही वाचून दाखवायची वेळ आली नव्हती. "कैलासवासी," मी म्हणालो. "म्हणजे गेलेली."

तिचे हात थांबले.

"मेली म्हणून लिवलंस?"

"सगळ्यांचं तसंच लिहितो, मावशी. रीतच आहे ती."

"सगळ्यांचं लिव. माझ्या पोरीचं कशापायी लिवलंस? मी तुला नाव घाल म्हणलं हुतं. मेली म्हणून लिव म्हणलं न्हवतं."

मी मिरच्यांकडं बघत बसलो. प्रयागबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग ती हळू बोलायला लागली, माझ्याशी कमी आणि क्रेटशी जास्त.

"त्या दिशी सरपंचाच्या बापानं बारामतीला फोन केला हुता. दवाखान्यात खाट तयार ठिवली हुती म्हणं तिच्यासाठी. चादर घालून. आमी पोचलोच न्हाय. तुला ठावं हाय, तू तर हुतास. ती खाट तशीच ऱ्हायली. मी ती बघितलीबी न्हाय कधी, पर बावीस वर्सं झाली, डोळं मिटलं की दिसती. पांढरी चादर आन वर कोण न्हाय. मला वाटलं, आपुन हितं खाट घ्यावी, तिच्यावर सारजाचं नाव घालावं. म्हंजी ती पोचली. एवढंच रं. दुसरं काय न्हाय माझ्या मनात."

मी हातातली मिरची क्रेटमध्ये टाकली.

"पूस," ती म्हणाली.

"मावशी..."

"पूस म्हणते न्हवं. आजच पूस. पोरींचं काय चुकलं? माझी सारजा हुती तरी तिलाबी भ्याच वाटलं असतं, लई भित्री हुती. नाव गेलं तर जाऊ दे. खाट ऱ्हायली पायजे. गाडी ऱ्हायली पायजे दारात." आणि तिनं परत मिरची निवडायला घेतली. पण आता तीही बारकी मोठ्यात टाकत होती.

मी तसाच दवाखान्यात गेलो. टर्पेंटाइन, चिंधी, पॉलिश पेपर. स्वतःचं काम पुसायची मला सवय नाही. इनॅमल चिवट, 'कै.' आधी गेलं, 'स्मरणार्थ' गेलं, सारजाचं नाव सगळ्यात शेवटी पुसलं. पत्र्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारला. झालं. खाट दुकानातून आल्यासारखी कोरी झाली आणि मला ती बघवेना. त्या कोऱ्या खाटेकडं बघून मला कळलं, प्रयागबाईला बावीस वर्षं काय दिसत असेल ते.

डबा बंद करायला खाली बसलो तेव्हा खाटेची खालची बाजू दिसली. सपाट, साफ पत्रा. तिथं कधी कुणाची नजर जाणार नव्हती. झोपणाऱ्या बाईची नाही, बघायला येणाऱ्यांची नाही, प्रतिक्षा मॅडमची तर नाहीच.

मी फरशीवर उताणा झोपलो आणि खाटेखाली सरकलो.

उताणं पडून लिहिणं सोपं नाही. रंग तोंडावर गळतो, हात भरून येतो. आणि आधी एक प्रश्न सोडवावा लागला, अक्षरांचं डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं? ते नाव डोळ्यांनी कुणी वाचणार नव्हतं. मग मी प्रयागबाई गुरुवारी बसते ती जागा आठवली, खाटेच्या उजव्या अंगाला. तिथं फरशीवर बसून हात खाली घातला तर बोटं जिथं पोचतील, तिथं मी जाड ब्रशनं लिहिलं. 'सारजा.' पुढं काही नाही, मागं काही नाही. कुणाची कोण, कुणाकडून, कशासाठी, काही नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी माणसाचं नुसतं नाव लिहिलं.

"पेंटर! तिथं काय करताय?" सिस्टरांना माझे नुसते पाय दिसत होते.

मी बाहेर येऊन सांगितलं. त्यांनी वाकून बघितलं. उठल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचा होता. "आणि मॅडमनं विचारलं तर?"

"मॅडमला खाली वाकायला सांगू नका."

वाळू द्यायचं आणि परत त्याच अक्षरांवरून फिरवायचं, असे तीन दिवस तीन हात दिले, अक्षरं बोटाला लागतील एवढी जाड होईपर्यंत. मग गुरुवारी प्रयागबाई आली. कोऱ्या पत्र्याकडं तिनं बघितलं नाही. फडकं घेऊन पुसायला लागली.

"मावशी, खाली बस," मी म्हणालो. "हात दे."

तिचा हात मी खाटेखाली नेला आणि पहिल्या अक्षरावर ठेवला. "हा 'सा'." पुढं नेला. "हा 'र'. आणि हा 'जा'. बास. मेली-बिली काही नाही."

तिची बोटं एकदा फिरली, दोनदा फिरली. मग मी हात सोडला तरी ती एकटीच फिरवत राहिली, शेताच्या बांधावरून अंधुकशा वाटेनं जावं तसं, सावकाश. "हितनं सुरू व्हतंय," ती मला सांगत होती. "आन हितं संपतंय." मी मान हलवत होतो. रडलो का, असं विचाराल तर हो, रडलो.

घरी येऊन मी सगळं मेहजबीनला सांगितलं. जीपचं, बारामतीत तयार ठेवलेल्या खाटेचं, न पोचण्याचं, खाली लिहिलेल्या नावाचं. लपवून तिला तिथं झोपवायचं माझ्यानं होईना. जरिना पदर तोंडाला लावून ऐकत होती. मेहजबीन पोटावर हात ठेवून बसली होती. मग म्हणाली, "अब्बा, काकांना गाडी नको म्हणून सांगा."

"भीती नाही वाटत?"

"वाटती की. भीती काय बारामतीला वाटणार न्हाय व्हय? हितं निदान तुमी भायेर वरडायला असाल." ती हसली. "आन ती खाली, मी वर. बघू आमी दोघी."

पेंटरनं स्वतःची लेक दवाखान्यात नेली, ही बातमी मेहजबीनचे दिवस भरले त्या दिवशी सकाळी आठ वाजता वाडीत पसरली, कारण कळा साडेसातला सुरू झाल्या होत्या. पुढं महिनाअखेरीला प्रतिक्षा मॅडम आल्या तेव्हा खाटेवर निकिता होती आणि लखन बाहेर फेऱ्या मारत होता. मॅडम खाली वाकल्या नाहीत. पण ते नंतरचं.

त्या दिवशी बाहेरच्या खोलीत जरिना आणि प्रयागबाई एका बाकावर बसल्या होत्या. प्रयागबाई स्वतःच्या जुन्या मऊ लुगड्याचं दुपटं शिवून घेऊन आली होती. लखननं अॅम्ब्युलन्स दाराला तोंड लावून उभी केली होती, चावी हातात. सोपानतात्याही येऊन बसले. दुपार झाली, उकाडा वाढला, आतून मेहजबीनचा आवाज यायला लागला. जरिना घामानं भिजली होती आणि तोंडानं दुवा पुटपुटत होती. तात्यांनी तिच्याकडं बघितलं, वर पंख्याकडं बघितलं, उठले आणि स्वतःच्या हातानं बटण दाबलं. बाबुराव गर्रकन फिरायला लागले. तात्या परत जागेवर जाऊन बसले.

मी ओट्यावर होतो. ओरडायला माझ्यापुढं ट्रॅक्टर नव्हता, ट्रॉली नव्हती, काहीच नव्हतं. नुसतं थांबायचं होतं, आणि ते मला जमत नाही. मी ओट्याची एकच कड पाच वेळा मोजली.

चार वाजून गेल्यावर आत एकदम शांत झालं. मी जीपची दांडी धरावी तशी दाराची चौकट धरली. आता वरडू नगंस, असं आतून कुणी म्हणेल म्हणून मी कान देऊन उभा होतो. आणि मग बाळ रडलं. मोठ्यानं. घराण्याचा आवाज.

"मुलगी!" सिस्टर आतून म्हणाल्या. "दोघी बऱ्या आहेत."

जरिना आत धावली. थोड्या वेळानं सिस्टरांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, मेहजबीन प्रयागआजीला बोलावतेय. प्रयागबाई जागची हलेना. आपण कशाला जावं, नको, म्हणायला लागली. मी तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि दारापर्यंत नेलं.

मेहजबीन खाटेवर होती. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा उतरलेला, छातीशी दुपट्यात गुंडाळलेली लाल पोर. खाली पांढरी चादर, आणि वर माणूस होतं. प्रयागबाई कितीतरी वेळ तेवढंच बघत उभी राहिली. मग हळूच उजव्या अंगाला फरशीवर बसली आणि सवयीनं हात खाटेखाली घातला.

मेहजबीननं वरून हात सोडून तिच्या डोक्यावर ठेवला.

"आजी," ती म्हणाली, "पोचलो आमी दोघी."

प्रयागबाईनं खाटेच्या कडेला कपाळ टेकलं. "व्हय गं बायांनो," ती म्हणाली. "पोचलात."

मी बाहेर आलो. बाळ झालं तरी लखननं गाडी दारातच ठेवली होती, लोकांना आत जायला वाट नव्हती. त्याच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. मी नुसता हात केला, आणि त्यानं गाडी बाजूला घेतली.